भरली की नाहीशी होणारी ओळ

तुमच्या हाताने कधी तुम्हाला न विचारता काही केलंय का? लगेच 'नाही' म्हणू नका. मीही ठामपणे 'नाही' म्हणत होते. असं फक्त दुसऱ्यांचं होतं, हे मी तर छापूनही वाटलं होतं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात कामाला होते आणि तिथल्या युनियनचं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आमच्या चाळीतल्या खोलीत कॉटखाली जुन्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. दुसरीत असताना बाईंनी 'मागणी' शब्द वाक्यात वापरायला सांगितला, तर मी 'मागणी मान्य होईपर्यंत माघार नाही' असं लिहून दिलं होतं. बाबांनी ती वही महिनाभर पाहुण्यांना दाखवली.

बारावी झाल्यावर मी कॉलेज सांभाळून एका लहान प्रेसमध्ये जुळणीला जायला लागले. कॉम्प्युटरवर मजकूर तयार करणारी दुकानं डोंबिवलीत तेव्हा निघू लागली होती, पण आमच्या प्रेसमध्ये अजून शिशाचे खिळे होते. एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा. लाकडी केसमध्ये खिळ्यांची लहान लहान घरं. डाव्या हातात लोखंडी पट्टी धरायची, उजव्या हाताने खिळे उचलून तिच्यात उलटे लावत जायचं. शब्दांमधल्या जागेत कोरे खिळे ठोसायचे आणि ओळ अंगठ्याने दाबून बघायची. हलली नाही म्हणजे भरली. मग ती उचलून बाजूच्या तबकात ठेवायची आणि पुढची धरायची. छपाई झाली की सगळे खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकायचे.

याच प्रेसमध्ये मी माझं पहिलं स्वतःचं पत्रक जुळवलं. स्टेशनजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं होतं. दाराला काळा पडदा, आत निळा उजेड आणि सतत ढिशुम ढिशुम. मी लिहिलं, 'पालकांनो, तुमच्या मुलांची मनं कोणाच्या ताब्यात आहेत?' खाली नफेखोरांना, गुंगीच्या व्यापाऱ्यांना आणि झोपलेल्या पालकांना मनसोक्त झोडपलं होतं. मालकांना आम्ही काका म्हणायचो. ते म्हणाले, "अगं, माझी उद्गारचिन्हं संपवलीस. आता लग्नपत्रिकेत काय घालू?" त्या पार्लरमध्ये मी स्वतः एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

कॉलेजच्या दारात पत्रक वाटताना माझ्या मैत्रिणीने ते घेतलं, उभ्या उभ्या वाचलं आणि पर्समधून एक छोटं यंत्र काढून माझ्या हातात ठेवलं. तिच्या मामाने आखातातून आणलेला, तळहातावर मावणारा विटांचा गेम.

"घ्या पत्रकवाल्या बाई. शत्रूचा अभ्यास करा आधी."

"मला काही गरज नाहीये."

"मग घाबरतेस कशाला? आठ दिवसांनी दे परत."

घाबरते म्हटल्यावर मी घेतला.

करड्या पडद्यावर वरून विटा पडत. कुठली सरळ, कुठली चौकोनी, कुठली वाकडी. त्या फिरवून खालच्या फटींमध्ये बसवायच्या. एखादी आडवी ओळ एकही भोक न ठेवता पूर्ण भरली की टिटीट असा आवाज होऊन ती ओळ नाहीशी व्हायची आणि वरचं सगळं खाली सरकायचं. बस, एवढंच. ना गोळीबार, ना राक्षस. माझ्या पत्रकातलं एकही विशेषण त्याला लागू पडत नव्हतं. पण ओळ नाहीशी झाली की छातीत काहीतरी मोकळं व्हायचं, आणि लगेच पुढची ओळ हवीशी वाटायची.

मी तो कॉलेजच्या सॅकमध्ये, ओढणीच्या घडीत लपवला. लेक्चरला मागच्या बाकावर, लायब्ररीत, प्रेसच्या मोरीत कडी लावून खेळायला लागले. आठ दिवसांचा महिना झाला. मैत्रीण म्हणाली, "असू दे गं, माझा आकडा तर तू कधीच मोडलास."

आधी डोळे मिटले की विटा पडायच्या. याची मला गंमत वाटली. मग त्या उघड्या डोळ्यांना दिसू लागल्या. म्हणजे खरोखर दिसत नव्हत्या, पण समोर जे असेल त्याला त्यांचं वळण लागलं होतं. समोरच्या इमारतीत कोणी खिडकी उघडली की तिथे भोक पडायचं आणि ती बंद होईपर्यंत मला चैन पडायचं नाही. फडताळात डबे असे का ठेवलेत, तो उभा डबा आडवा केला तर बसेल, हे मनात चालूच. आई बोलायची आणि मी तिच्या शब्दांमधल्या जागा मोजायची. माझा उजवा अंगठा आपोआप हलायचा. ताटावर बसलं तरी हलायचा. मी तो मुठीत दाबून धरायची.

खरी भीती मला नळावर वाटली. आमच्या चाळीत सकाळी सहा ते सात पाणी यायचं आणि त्याआधी सगळ्यांचे हंडे भिंतीला लावून एका रांगेत ठेवलेले असायचे. त्या दिवशी हंड्यांच्या मागे बायका उभ्या होत्या. खांद्याला खांदा लावून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मध्ये एकच जागा रिकामी होती. आई घरातून कळशी घेऊन आली आणि त्या जागेकडे निघाली. आणि मला कळलं, अगदी विस्तवाला हात लागल्यावर चटका कळावा तसं कळलं, की ती तिथे उभी राहिली की रांग भरेल, आणि भरली की नाहीशी होईल. सगळ्या बायका. आई.

मी किंचाळले, "आई, तिथे उभी राहू नकोस!"

आई थबकली. सगळ्या वळून बघायला लागल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "का गं? पाल आहे का?" बायका हसत दोन्हीकडे पांगल्या. मी म्हटलं, "हो, पाल होती."

मला सत्य माहीत होतं. बायका नाहीशा होत नाहीत. तरीही त्या नाहीशा होतील यावर माझ्या शरीराने विश्वास ठेवला होता आणि मला विचारलं नव्हतं. त्या सकाळी मी कुणालातरी सांगायला हवं होतं. पण कुणाला? बाबांना? ज्यांनी माझं गेमविरोधी पत्रक कारखान्याच्या बोर्डावर लावलं होतं? सांगितलं तर मी ढोंगी ठरणार होते. आमच्या घरात चोरी एकवेळ चालली असती, ढोंग नाही. मी गप्प बसले आणि दुपारी पुन्हा खेळले.

मे महिन्यात बाबांच्या कारखान्यात सफाईसाठी उत्पादन बंद राहायचं. तीन मोठ्या टाक्या रिकाम्या करून माणसं आत उतरून घासायची. रिकाम्या टाकीत तळाशी वायू साचतो. तो दिसत नाही, कधी वासही येत नाही, आणि माणूस शिडीवरच कोसळतो. युनियनने भांडून एक आणि दोन नंबरच्या टाक्यांची हवा तपासून घेतली होती. तिसरीची तपासणी राहिली होती. कायम कामगारांना बाबा तोंडी सांगू शकत होते. पण टाकीत उतरायचे ते कंत्राटी कामगार, आणि ते मागच्या गेटने यायचे. त्यांना गेटसभेला थांबता येत नव्हतं. त्यांच्यापर्यंत पोहोचणार होतं ते फक्त पत्रक.

बाबांनी मजकूर माझ्या हातात दिला आणि एका ओळीवर नख ठेवलं. 'तीन नंबरच्या टाकीची हवा तपासलेली नाही. तीत उतरू नका.'

"बाकी सगळं पुसट आलं तरी चालेल," ते म्हणाले. "ही ओळ आली पाहिजे."

आमची एक रीत होती. पत्रकाचं प्रूफ दोघांनी वाचायचं. एकाने छापलेलं मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने हाताने लिहिलेल्या मुळावर बोट फिरवत जायचं. बाबा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होते. मी म्हटलं, मी एकटी वाचते. ते म्हणाले, "तुझ्यावर सोडतो."

मी उभी राहून जुळवलं. ती ओळ मला स्वच्छ आठवते, कारण ती सुंदर बसली. पट्टीच्या मापात अगदी काठोकाठ. शेवटी एकही जादा कोरा खिळा लागला नाही. अंगठ्याने दाबून बघितली, हलली नाही. छातीत मोकळं वाटलं. मी पुढे गेले. प्रूफ काढलं आणि स्वतःच वाचलं. ती ओळ मी वाचली. शपथेवर सांगते, वाचली. मग आमच्या मशीनवाल्या मामांनी ओळींचा फर्मा लोखंडी चौकटीत कसून ट्रेडल, म्हणजे छपाईचं मशीन, सुरू केलं आणि संध्याकाळपर्यंत पाचशे प्रती निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गठ्ठा घेऊन गेले. स्वतः लिहिलेलं होतं, तोंडपाठ होतं, त्यांनी उघडून पाहिलं नाही. पोरीवर सोडलं होतं ना.

साडेनऊला कारखान्यांचा भोंगा होत नाही. आमच्या चाळीत घड्याळ नसलेल्या म्हाताऱ्यांनाही हे माहीत होतं. त्या दिवशी साडेनऊला भोंगा झाला आणि थांबलाच नाही. बायका गॅलरीत आल्या. प्रत्येकीचा कोणीतरी त्या बाजूला होता. आई माझा हात धरून म्हणाली, "कुठला गं हा? आपला का?" मला आवाजावरून कळला होता. आपलाच होता.

मी आत आले. प्रेसमधून आणलेली एक प्रत माझ्या सॅकवर पडली होती. का ते माहीत नाही, मी ती उचलली आणि वाचली. एक आणि दोन नंबरच्या टाक्या तपासल्या आहेत. तीन नंबरची तपासलेली नाही, उतरू नका. हातमोजे आणि दोर मागून घ्या. सगळं होतं. मला हायसं वाटलं. मग मी शब्दांवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. पहिल्या ओळीवर बोट. एक आणि दोन नंबरच्या टाक्या. आणि पुढची ओळ हातमोज्यांची होती.

मी कागद उजेडात नेला. उलटा केला. मागे काही नव्हतं. मी पुन्हा बोट न ठेवता वाचलं, तर ती ओळ पुन्हा दिसली! कागदावर नसलेली ओळ माझ्या डोळ्यांना दिसत होती, काळी, घट्ट, काठोकाठ. बोट ठेवलं की नाही, बोट काढलं की आहे. इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलेली नाही. बाहेर भोंगा चालूच होता. माझ्या डोळ्यांनी कोणाला तरी त्या टाकीत पाठवलं होतं आणि माझे डोळे अजूनही खोटं बोलत होते.

बाबा तीन वाजता आले. अंगभर रसायनाचा वास. आईने विचारायच्या आधीच म्हणाले, "जिवंत आहे. एकच जण उतरलेला. दोर बांधलेला होता म्हणून ओढला. ठाण्याला इस्पितळात नेलाय." मग त्यांनी खिशातून चुरगळलेलं पत्रक काढलं आणि माझ्यासमोर सपाट केलं. "ओळ कुठे गेली?"

मी म्हटलं, "फर्मा कसताना सुटली असेल. मशीनवर."

हे मी म्हटलं. पत्रकांच्या घरात वाढलेल्या मुलीने, एका कामगाराचं पाप दुसऱ्या कामगाराच्या गळ्यात टाकून.

काकांनी मामांना सगळ्यांसमोर झापलं. मामा शीळफाट्याच्या बाजूच्या एका गावातले आगरी, मिठागरं सुटल्यावर या धंद्यात आलेले, वीस वर्षं ट्रेडल मारलेले. ते चिंधीने ट्रेडलचे रूळ पुसत राहिले. माझ्याकडे बघितलंही नाही.

आठ दिवसांनी काकांनी भिंतीवर एक मोठं रंगीत चित्र लावलं. तेव्हा तशा चित्रांची नवलाई होती. कॉम्प्युटरवर काढलेलं, नुसते ठिपके आणि नक्षी. त्याच्याकडे नजर सैल सोडून बघत राहिलं की त्यातून एखादी वस्तू उठून पुढे यायची. काका कॉम्प्युटर घ्यायच्या विचारात होते, कंपनीवाल्याने नमुना म्हणून दिलं होतं. सगळे नाक लावून उभे.

"दिसला! घोडा!" बाइंडिंगवाल्या ताई ओरडल्या.

"घोडा कसला, हत्ती आहे."

"ताई, तुमचा चष्मा काढा आधी."

मी लांबूनच बघितलं आणि क्षणात तो पुढे आला, मान वळवलेला घोडा, हात लावावा इतका जवळ. मी पटकन मान फिरवली. मामा बराच वेळ उभे होते. मग त्यांनी मान हलवली.

"मना त कायच दिसत नाय. ठिपके हान ते."

सगळे हसले. काका म्हणाले, "मामा, तुमच्याकडे नजर नाही." पण त्या खोलीत एकटे मामाच खरं बोलत होते. तिथे ठिपकेच होते.

सगळे पांगल्यावर ते माझ्या केसपाशी आले. आवाज अगदी हलका.

"तुला लय दिसतं पोरी. त्या दिवशी तू ती लाइन जुलवलीस, आन् लगेच खिळे परत घरात टाकलेस. मी बघत होतो. मना वाटला चुकली असंल, फिरून लावशील."

"मी? खिळे परत टाकले?"

"आपल्या हातानी. आन् हसत होतीस."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. ओळ भरली, म्हणून माझ्या हाताने ती नाहीशी केली. आणि माझ्या डोळ्यांनी ती मला दाखवत ठेवली, म्हणजे मला संशय यायला नको. मामांना मी विचारलं, तुम्ही काकांना का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तू सांगशील म्हनून."

त्याच संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. गेम टेबलावर ठेवला. नळाचं सांगितलं, ओळीचं सांगितलं, मामांचं सांगितलं. आई रडायला लागली. बाबा ओरडतील असं वाटलं होतं, ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय दिसतं?" मला नीट सांगता येईना. तेव्हा त्यांनी तो गेम उचलला, चष्मा लावला आणि खेळायला बसले. जेवणापर्यंत खेळले. ताटावर बसल्यावर चपाती हातात धरून ते कितीतरी वेळ भाताकडे बघत होते.

"काय हो?" आई म्हणाली.

"थांब." त्यांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. त्यांचा चेहरा उतरला होता. पोलिसांसमोर, गुंडांसमोर ज्यांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, ते बाबा म्हणाले, "अगं, पडतायत. उद्या सकाळी मला व्हॉल्व्ह उघडायचाय."

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. एका दिवसाची रजा टाकली, कारण लिहिलं 'नजर ठीक नाही'. त्या रजेच्या दिवशी मला घेऊन ते आधी प्रेसमध्ये गेले. काकांसमोर, सगळ्यांसमोर मी मामांची माफी मागितली. मामा म्हणाले, "बस झाला आता, शाई वालते." मग आम्ही ठाण्याला इस्पितळात गेलो.

तो माणूस बाबांपेक्षा लहान होता. छातीत दुखत होतं म्हणून उशीला टेकून बसला होता, बोलताना मध्येच धाप लागत होती. मी त्याला सांगितलं, चूक माझी. त्याला ते फारसं कळलं नाही. तो बाबांकडे वळून म्हणाला, "साहेब, मी वाचलं होतं ना. दोनदा वाचलं. तुमच्या पत्रकात तीन नंबरचं काही नव्हतं, म्हणून बिनधास्त उतरलो."

मी बाहेर व्हरांड्यात निघून आले.

याला चार वर्षं झाली. आता घरोघरी कॉम्प्युटर यायला लागलेत आणि त्यांच्यातली चित्रं माझ्या त्या करड्या पडद्यापेक्षा कितीतरी खरी आहेत. मी पार्लरविरुद्ध पुन्हा पत्रक लिहिलं नाही. माझं पहिलं पत्रक चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, पण त्यात मी सगळ्यांना झोडपलं आणि खेळणाऱ्या एकालाही काही विचारलं नाही. मलाही कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नळाच्या दिवशीच मी सांगून टाकलं असतं, आणि तो माणूस टाकीबाहेर राहिला असता.

म्हणून माझं एवढं मागणं आहे. तुमच्या घरात कोणी असे खेळ खेळत असेल, मूल असो की मोठं माणूस, तर आज जेवताना त्यांना विचारा, डोळे मिटल्यावर तुला काय दिसतं? आणि ते सांगून पूर्ण होईपर्यंत रागावू नका, हसू नका, उपदेश करू नका. काही पडताना, सरकताना दिसतं असं म्हणाले, तर त्या दिवशी त्यांना स्टोव्ह पेटवू देऊ नका, स्कूटर चालवू देऊ नका, कुणाच्या औषधाची बाटली त्यांच्या हातात देऊ नका. आणि त्यांच्यावर ओरडायच्या आधी एक तास तो खेळ स्वतः खेळून बघा. आजच.